ऐकून दिलेले स्वल्पविराम

पुण्यात माणसं एकमेकांचं बोलणं ऐकतात ती बहुतेक वेळा त्यात चूक कुठे सापडते हे बघायला. समोरचा माणूस बोलताना श्वास कुठे घेतो, एवढंच ऐकण्यासाठी कान देणारा मनुष्य मी आजवर एकच पाहिला, आणि तसा दुसरा मुठा नदीच्या दोन्ही काठांवर मिळून सापडणार नाही अशी माझी खात्री आहे. ते माझे नात्याने कुणी नव्हेत. माझ्या पहिल्या पुस्तकाचे ते मुद्रितशोधक, म्हणजे छपाईला जाण्याआधी मजकुराची पानं तपासून चुका काढणारे. वय सत्तरीच्या पुढे, अंगात कायम इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात एक लाल आणि एक निळं पेन, आणि चेहऱ्यावर आत्ताच कुणीतरी ऱ्हस्व-दीर्घ चुकल्यासारखे भाव. कोथरूडमधल्या लिफ्ट नसलेल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर ते आणि काकू राहत. मी त्यांना पहिल्या दिवशी 'सर' म्हटलं तर म्हणाले, "सर म्हटलं की माणूस शिकवायला लागतो. मला तो नाद नाही." त्यानंतर ते माझे काका झाले आणि पुढचे चार महिने त्यांनी मला शिकवण्यापलीकडे काहीही केलं नाही.

मी त्यांच्याकडे कशी पोचले हे सांगायला हवं. माझ्या नऊ कथा एका प्रकाशकांना आवडल्या होत्या. निदान त्यांनी तसं म्हटलं होतं. "कथा चांगल्या आहेत हो तुमच्या," ते म्हणाले, "पण त्यातली माणसं तोंड उघडतात तेव्हा वाईट वाटतं." मग त्यांनी काकांचा पत्ता दिला आणि अट घातली. काकांनी शेवटच्या पानावर लाल शाईने 'ठीक' लिहिलं तर पाडव्याला पुस्तक. नाही लिहिलं तर पुढचं पुढे बघू. पुण्यात 'पुढचं पुढे बघू'चा अर्थ मला इंग्रजी शाळेत शिकूनही कळत होता.

आणि मला ते 'ठीक' फार हवं होतं. त्या नऊ कथा पुस्तकाजोग्या करण्यासाठी मी खराडीतल्या एका कंपनीतली नोकरी सोडली होती आणि हे घरी सांगितलं नव्हतं. माझे वडील, आप्पा, मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचे अडते. आमचं घर बिबवेवाडीत, जिथे आजोबांच्या वेळी आमचं शेत होतं तिथेच. 'आमची पोरगी कंपनीत हाय' हे वाक्य आप्पा गाळ्यावर येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला चहाच्या आधी देत. आमच्याकडे बातमी सांगण्याची पद्धत नाही. बातमी आपोआप कळते, आणि कळली की तिच्याबद्दल न बोलण्याची पद्धत आहे. म्हणून मी ठरवलं होतं की छापलेलं पुस्तक आप्पांच्या हातात ठेवायचं आणि मगच तोंड उघडायचं. तोवर रोज सकाळी आईने भरलेला डबा घेऊन, गळ्यात जुनं ओळखपत्र अडकवून मी स्कूटीवरून निघत असे आणि खराडीऐवजी कोथरूडला जात असे. तो डबा काकांच्या जेवणाच्या टेबलावर उघडला जाई. काकू त्यातली भाजी चाखून म्हणत, "तुझी आई तिखटात हात राखत नाही बाई छान करते पण पाणी दे गं आधी."

पहिल्या दिवशी काकांनी माझी पानं अशी चाळली जशी काकू मेथी निवडतात. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "आपण इंग्रजी शाळेतल्या का?"

"हो."

"वाटलंच. तिकडे गणवेशाबरोबर स्वल्पविरामही देतात का?"

मी हळू आवाजात म्हटलं, की ते सगळे नियमाप्रमाणे बरोबर आहेत.

"फारच बरोबर आहेत. तुमचा प्रत्येक माणूस पायऱ्या मोजत जिना उतरल्यासारखा बोलतोय. घरात असं बोलतं कुणी?"

मी काही बोलले नाही. चांगली दहा-पंधरा सेकंदं गेली. तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "हे बघा! आत्ता तुम्ही जे केलंत ना, ते या दोनशे पानांत कुठेही नाही."

त्यांचं तत्त्वज्ञान थोडक्यात असं होतं, की निवेदनातला स्वल्पविराम व्याकरणाच्या मालकीचा आणि संवादातला फुप्फुसांच्या. कथेतलं पात्र बोलताना लेखकाने नियमाचं पुस्तक मिटून ठेवावं आणि त्या पात्राच्या छातीला कान लावावा. "ये बस" म्हणणाऱ्याच्या घरी चहा मिळतो, "ये, बस" म्हणणाऱ्याच्या घरी आधी काहीतरी ऐकून घ्यावं लागतं, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात पटवून दिलं. प्रात्यक्षिकासाठी स्वयंपाकघरातून काकूंना हाक मारली जाई. "नको म्हटलं ना" आणि "नको, म्हटलं ना" या दोन वाक्यांतली बाई वेगवेगळी असते असं सांगून ते काकूंना दोन्ही म्हणून दाखवायला लावत. पहिलीत थांबा नाही, कारण ती आधी चारदा नको म्हणून झालेली आहे आणि तिचा हात कामात आहे. दुसरी 'नको' म्हणून समोरच्याकडे बघते, तो ऐकत नाहीये हे तिला दिसतं, आणि मग पुढचं म्हणते. काकू दोन्ही अगदी एकसारखंच म्हणत आणि "झालं का कुकर लावायचाय" असं म्हणून निघून जात. तरी काका विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत.

काकूंच्या बोलण्यात स्वल्पविराम नसे हे त्यांच्या संसारातलं मोठं दुःख होतं, किंवा मोठं सुख, मला ते कधी ठरवता आलं नाही. काकू एकदा सुरू झाल्या की दूधवाला, भाचीचं लग्न, गुडघा आणि दाण्याचं कूट एका श्वासात येत. एकदा काका मला म्हणाले, "चव्वेचाळीस वर्षं झाली. या बाईंच्या बोलण्यात मी एक स्वल्पविराम शोधतोय."

आतून काकूंचा आवाज आला, "थांबले की तुम्ही मध्ये बोलता म्हणून थांबत नाही."

काकांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

ती वही वेगळीच गोष्ट होती. काका बँकेत रांगेत उभे राहिले, दवाखान्यात नंबर लावून बसले, रस्त्यावर दोन मोटारसायकली एकमेकींना घासून उभ्या राहिल्या, की कान तिकडे जाई आणि उजव्या हाताचं बोट मांडीवर टकटक करू लागे. छोट्या थांब्याला एकदा, मोठ्या थांब्याला दोनदा. मग घरी येऊन ते वहीत उतरवायचे. एकदा काकूंनी त्यांना डेक्कनला चष्मा आणायला पाठवलं. ते बसमध्ये चढले आणि पुढच्या बाकावर दोन जावांचं सासूच्या बांगड्यांवरून भांडण सुरू झालं. डेक्कन आलं तेव्हा मोठीने नुकतंच "मी काही बोलत नाही" असं म्हणून बोलायला सुरुवात केली होती. त्या दोघी स्वारगेटला उतरल्या आणि दुसऱ्या बसमध्ये बसल्या, काकाही त्यांच्यामागून बसले. काकांनी कात्रजहून घरी फोन केला, की यायला उशीर होईल. "चष्मा?" काकूंनी विचारलं. "भांडण अर्धवट टाकून कसा उतरणार?" काका म्हणाले. वहीत त्या भांडणाची साडेतीन पानं आहेत. मी ती वाचली आहेत. बांगड्या कुणाकडे होत्या याचा त्यात उल्लेख नाही, पण धाकटी कुठे कुठे गिळून गप्प बसली ते सगळं आहे.

त्यांचा खरा राग तीन टिंबांवर होता. माझ्या कथांमध्ये ती जागोजाग होती. काय म्हणावं ते सुचलं नाही की मी तीन टिंबं देऊन मोकळी होत असे. "तीन टिंबं म्हणजे," काका म्हणाले, "वाचकाला भर उन्हात स्टॉपवर उभं करून लेखकाने रिक्षाने निघून जाणं." मग त्यांनी एकशे चौदा ठिकाणची टिंबं लाल पेनाने खुडली. हा आकडा त्यांनीच मला सांगितला आणि तोही नावासारखा, म्हणजे पुढचे काही दिवस माझं स्वागत "या एकशे चौदा" असं होत असे.

कामाची त्यांची रीत जुन्या छापखान्यातली. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने छापील पानावर नजर ठेवायची. 'तो म्हणाला स्वल्पविराम अवतरण चालू मी येतो पूर्णविराम अवतरण बंद', असं. चाळीस वर्षं हे केल्यामुळे हातात कागद आला की काकांच्या तोंडून चिन्हंही आपोआप बाहेर पडत. सोसायटीतल्या एका वृद्ध सभासदांच्या शोकसभेत सचिवांनी काकांना चार शब्द बोलायला सांगितलं. काका भिडस्त, त्यामुळे त्यांनी ते लिहून नेले आणि गंभीर आवाजात वाचायला सुरुवात केली, "आमचे शेजारी स्वल्पविराम सन्मित्र स्वल्पविराम आणि या संस्थेचे आधारस्तंभ." पहिल्या ओळीला कुणालाच काही कळलं नाही. दुसऱ्या ओळीला पोरं खुसखुसली. तिसऱ्या ओळीला काकूंनी कोपर मारलं, तर काका त्यांच्याकडे वळून म्हणाले, "उद्गारचिन्ह." दिवंगत गृहस्थांच्या पत्नी मात्र नंतर काकांना म्हणाल्या, की तुमचंच भाषण काय ते नीट समजलं, बाकीचे सगळे घाईत होते.

मला स्वतःला मोठ्याने वाचणं म्हणजे शिक्षा होती. मी स्वतःच्या घरीसुद्धा फोन आला की गच्चीत जाते. पण काकांपुढे सुटका नव्हती. "मनात वाचलेलं वाक्य कधी अडखळत नाही," ते म्हणत, "म्हणून तर वाईट पुस्तकं निघतात." मी माझे संवाद पुटपुटत वाचत असे. ते डावा कान पुढे करून ऐकत, कारण उजव्याने कमी ऐकू येऊ लागलं होतं आणि हे त्यांनी काकूंपासून लपवलं आहे असा त्यांचा समज होता. मग त्यांनी मला गृहपाठ दिला. रोज बिबवेवाडीहून येताना वाटेत तीन माणसांशी बोलायचं आणि ते जसंच्या तसं लिहून आणायचं.

आता माझ्यासारख्या मुलीला दिवसभरात एकही शब्द न बोलता पुण्यात जगता येतं. फोनवर बोट लावलं की दारात वस्तू येते. मी पहिले दोन दिवस प्रामाणिकपणे पिठाच्या गिरणीत आणि फुलवालीकडे बोलले. तिसऱ्या दिवशी धीर झाला नाही, म्हणून एक रिक्षावाला घरी बसूनच लिहिला. काकांनी वाचलं, "'कोथरूडला येणार का?' 'अं, नाही, आत्ता, जमणार नाही.'" आणि कागद परत केला.

"हा रिक्षावाला तुम्ही बनवलेला आहे."

"कशावरून?"

"पुण्यातला रिक्षावाला 'नाही' म्हणण्याआधी थांबत नाही. 'कोथरूड'मधला 'को' ऐकला की त्याची मान हललेली असते."

मी ओशाळून हसले. त्यानंतर खोटी माणसं त्यांच्याकडे नेण्याची माझी हिंमत झाली नाही. हळूहळू एक गंमत होऊ लागली. मला माणसं ऐकू येऊ लागली. गिरणीतल्या माणसाला खडखडाटामुळे वाक्याचे तुकडे करून फेकावे लागतात, आणि गिरणी थांबल्यावरही तो तसाच बोलतो. फुलवाली भाव सांगण्याआधी नाही, सांगितल्यानंतर थांबते. काका माझी पानं वाचत आणि एकेका कथेवर लाल 'ठीक' पडू लागलं. फेब्रुवारी संपेपर्यंत आठ कथा पास झाल्या. पाडवा तीन आठवड्यांवर आला, आणि काका नवव्या कथेपाशी येऊन थांबले.

नववी कथा अशी होती. एक मुलगी नोकरी सोडते आणि वडिलांना ते सांगते. वडील व्यापारी. सांगायला नकोच, की ती मी कुणावरून लिहिली होती, आणि तसं मी कुणाला सांगितलंही नव्हतं. कथेतले वडील म्हणतात, "मुली, हा निर्णय घेण्यापूर्वी, तू आमच्याशी चर्चा करायला हवी होतीस, तथापि, तुझ्या इच्छेचा, आम्ही आदर करतो."

काकांनी ते दोनदा वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे वडील आहेत की पतसंस्थेचे अध्यक्ष?"

मी पानाचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"कुठले आहेत हे गृहस्थ?"

"बिबवेवाडीचे."

"मग बोलताना सदाशिव पेठेत का शिरलेत?"

खरं उत्तर मला ठाऊक होतं. शाळेत पालकसभेला आप्पा बाईंसमोर "हाय की" म्हणाले होते आणि मी बुटांकडे बघत उभी राहिले होते. तेव्हापासून कागदावर आप्पांना मी नेहमी नवे कपडे घालूनच उभं करत आले.

काका आवाज उतरवून म्हणाले, "भाषेचं सोडा. भाषा काय, आपण दुरुस्त करू. पण हे बोलणं तुम्ही ऐकलेलं नाही. हे झालेलंच नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग मी स्वल्पविराम कुठे देऊ?"

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो ती काय म्हणतेय ते कळलं का तुम्हाला पोरगी चार महिने आपल्या टेबलावर डबा खातेय नोकरीवालीचा डबा दुपारी बाराला कोथरूडमध्ये कसा येईल हे मला पहिल्या दिवशी कळलं." काका खरोखरच चकित झालेले दिसले. माणसाच्या श्वासाचा हिशेब ठेवणाऱ्याला ती माणसं कुठून आली, का आली, याचा पत्ता नसे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मी आठ कथांचं पुस्तक पास करू शकतो. ही काढून टाका. पाडवा गाठता येईल." आणि मग, बऱ्याच वेळाने, "किंवा."

पुढे काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी पूर्णविराम दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटी कोथरूडला नेली नाही. मार्केट यार्डात गेले. लहानपणानंतर मी आप्पांच्या गाळ्यावर गेले नव्हते. सकाळी आठची वेळ, लिलाव चालू, हमालांची "सरक, सरक" चाललेली, ट्रकचे भोंगे, आणि कांद्याच्या सालींचा असा पाचोळा की पाऊल टाकलं की उडे. आप्पा पोत्यांच्या थप्पीपाशी उभे राहून कांदा हातात फिरवून बघत होते. मला बघून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"कंपनी न्हाय आज?"

"आप्पा, मी नोकरी सोडली."

"काय?"

बाजूला लिलाव पुकारणारा घसा ताणून ओरडत होता. मी जरा मोठ्याने म्हटलं, "नोकरी सोडली मी."

आप्पांनी कानाला हात लावला. मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. तिथे मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "मी नोकरी सोडली!" आणि नेमक्या त्या क्षणी लिलाव संपला. पुकारणारा थांबला, हमाल थांबले, समोरच्या गाळ्यावरचे गृहस्थ चहाची बशी तोंडाशी धरून माझ्याकडे बघत राहिले. कांदा-बटाटा विभागाच्या त्या अख्ख्या रांगेला माझी बातमी कळली. आमच्या घराच्या पद्धतीप्रमाणे नाही, पण कळली.

मला वाटलं, आता धरणी दुभंगली तर बरं. आप्पांनी हातातला कांदा सावकाश पोत्यात ठेवला. मग दुसरा उचलला. तोही ठेवला. समोरच्या गृहस्थांकडे एकदा बघितलं, तशी त्यांनी बशी खाली केली. मग आप्पा माझ्याकडे वळले.

"कवा?"

"चार महिने झाले."

"आन् रोज डबा नेतीस, तो," आप्पा म्हणाले, आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "तो, कुठं बसून खातीस?"

मी तयारी करून गेले होते. त्यांनी शिकवण्यावर केलेला खर्च काढला तर, लोक काय म्हणतील म्हटलं तर, लग्नाचा विषय काढला तर, सगळ्याची उत्तरं होती. याचं नव्हतं. मी सांगितलं, की कोथरूडला एक काका-काकू आहेत, त्यांच्याकडे बसून खाते.

"चांगली मानसं हायती?"

"हो."

"मग आसू दे." ते पोत्यावर बसले, मला शेजारी जागा केली. थोड्या वेळाने म्हणाले, "तुज्या आईला मी सांगतो. तू नको सांगू. तू लई मोठ्यानं सांगतीस." आणि हसले. निघताना त्यांनी निवडून दहा किलो कांदे पिशवीत भरले आणि माझ्या स्कूटीला पुढे अडकवले.

ते कांदे तीन मजले चढवून मी काकांपुढे नववी कथा पुन्हा ठेवली. रात्रभर नव्हे, तिथेच त्यांच्या टेबलावर बसून तासाभरात लिहिली होती. वडिलांचं भाषण गेलं होतं, 'तथापि' गेलं होतं. राहिलं होतं ते एवढंच, जे मी ऐकलं. काकांनी लाल पेन उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागले, चिन्हांसकट, सवयीप्रमाणे. 'आन् रोज डबा नेतीस स्वल्पविराम तो स्वल्पविराम' इथे आले आणि थांबले.

"हा दुसरा. नियमाने इथे येत नाही."

"माहीत आहे."

"कुणी दिला?"

"आप्पांनी."

काकांनी ते वाक्य परत वाचलं. या वेळी चिन्हं न उच्चारता, नुसतं, माणसासारखं. काकूंनी नळ बंद केला. मग काकांनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा पेन उचललं आणि पानाच्या तळाशी 'ठीक' लिहिलं. इतरांवर लिहायचे तसंच लिहिलं, अक्षर तेवढंच, शाई तीच. पण लिहून झाल्यावर त्यांनी पान माझ्याकडे न देता काकूंकडे दिलं, आणि हे त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं. काकूंनी ते वाचलं. डोळ्यांना पदर लावून त्या एवढंच म्हणाल्या, "कांदे फार आहेत गं, एवढे कशाला आणलेस?" तो स्वल्पविराम मी स्वतःच्या कानांनी ऐकला. काकांकडे बघितलं. त्यांचं लक्ष नव्हतं, किंवा तो त्यांच्या उजव्या बाजूने गेला असावा. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पुस्तक पाडव्याला निघालं. समारंभाला काका आले नाहीत. "भाषणं होणार, आणि ती सगळी लिहून आणलेली असणार," असं त्यांनी कळवलं. आप्पा आले, पहिल्या रांगेत बसले, आणि दुसऱ्या दिवसापासून गाळ्यावर चहाच्या आधी द्यायचं वाक्य त्यांनी बदललं. मग एका रविवारी ते मला न सांगता बटाट्याचं पोतं घेऊन कोथरूडला काकांना भेटून आले. तिथे काय बोलणं झालं हे दोघांपैकी कुणीही मला सांगितलेलं नाही. काकूंकडून कळायला हवं होतं, पण त्यांनी एवढंच सांगितलं, की दोन्ही म्हाताऱ्यांनी बटाटे कसे ठेवायचे यावर दोन तास काढले.

पावसाळ्यानंतर काकूंना तीन मजले जमेनात. त्यांचा मुलगा नाशिकला असतो, तो येऊन दोघांना घेऊन गेला. सामानात वह्यांची खोकी किती असावीत, यावरून जिन्यात बरंच झालं म्हणतात. काकांचे आता दोन्ही कान अधू झालेत. यंत्र दिलंय, पण ते लावत नाहीत. म्हणतात, त्यात सगळी माणसं एकाच ठिकाणी श्वास घेतात. महिन्यातून एकदोनदा सकाळी मी आप्पांसाठी डबा घेऊन गाळ्यावर जाते, तेव्हा तिथून काकांना फोन लावते. माझ्या हळू आवाजाचं आता त्यांना फारसं काही कळत नाही, म्हणून मी फोन आप्पांच्या हातात देते. माझ्याशी पंचवीस वर्षांत दहा वाक्यं न बोललेले आप्पा पोत्यावर बैठक मारतात आणि सुरू होतात. पुरंदरकडे पाऊस कसा झाला, कोणत्या हमालाच्या मुलाला कुठे लावलं, गुडघा कुठे धरतो, पोरगी आता काय लिहिती आणि काय खात न्हाय. मी थप्पीच्या मागे उभी राहते. मला हे ऐकू येतं हे आप्पांना माहीत असावं.

मागच्या खेपेला बोलता बोलता त्यांना शंका आली. ते थांबले, फोन कानापासून जरा दूर धरून बघितला, मग परत लावला.

"अवो," आप्पा म्हणाले, "ऐकू येतंय का न्हाय?"

पलीकडचा आवाज मला मागे उभं राहूनही आला, कारण ज्यांना ऐकू येत नाही ते मोठ्याने बोलतात.

"नाही," काका म्हणाले. "बोला तुम्ही."

आणि आप्पा बोलत राहिले.